वायफायची रांग

घरातलं वायफाय रखडलं की आपण महागडा प्लॅन घेतो. पैसे जातात, आणि परगावच्या मुलीचा आवाज व्हिडिओवर तुटतच राहतो. म्हणून मी आधी एक तपासणी सुचवतो. संगणकावर ‘पिंग’ ही आज्ञा देऊन उत्तराला किती मिलिसेकंद लागतात ते पाहा. मग मोठी फाइल उतरवताना पुन्हा पाहा. २० चे ५०० झाले, तर दुखणं बहुधा रांगेचं आहे. स्वतःच्या राउटरकडूनच उत्तर उशिरा आलं, तर रांग वायफायमध्ये. तिथून लगेच आलं आणि बाहेरून उशिरा, तर पुढच्या लाइनवर.

माहिती छोट्या पाकिटांतून येते. ती हरवू नयेत म्हणून राउटर साठवतो. साठवण अवाढव्य असली की पाकिटं ताटकळतात. पाठवणाऱ्याला मात्र गर्दी बहुधा कळते ती पाकीट हरवल्यावरच. तोवर तो ओततच राहतो. अमेरिकेतल्या जिम गेटिस यांना २०१० साली घरच्या जोडणीवर हेच सापडलं. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी तोडगा मांडला : रांगेची लांबी नको, थांबण्याचा वेळ मोजा. तो ५ मिलिसेकंदांवरच रेंगाळला, तर काही पाकिटं टाकून द्या.

वायफायमध्ये आणखी एक मेख आहे. दूरच्या खोलीतला संथ फोन सगळ्यांचा वेळ खातो. एसटीच्या खिडकीवर चिल्लर मोजत बसलेल्या माणसासारखा. २०१६-१७ मध्ये लिनक्सच्या काही वायफाय चालकांत यावर उपाय आला : रांगा वेगळ्या आणि प्रत्येकाला वेळेचा समान वाटा.

तेव्हा प्लॅन वाढवण्याआधी रांग मोजा. रांग वायफायमध्ये असेल, तर प्लॅन कितीही मोठा घेतला तरी ती हलणार नाही.