ई-प्रशासन आणि अर्ज पुन्हा भरण्याची किंमत



१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले व रायपूर त्याची राजधानी झाली. २०११ मध्ये या राज्याने लोकसेवा हमी कायदा केला. महाराष्ट्रात असा कायदा २०१५ मध्ये झाला. सेवा किती दिवसांत मिळावी, हे अशा कायद्याने निश्चित होते. मात्र ही मुदत अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. अर्ज दाखल करताना नागरिकाचा जो वेळ खर्च होतो, तो या हिशेबात येत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एखादा शेतमजूर रोजंदारी बुडवून केंद्रावर येतो, असे समजा. ऑपरेटर त्याचे नाव, गाव, तहसील असे वीस-पंचवीस रकाने भरतो. पिनकोडचा एक अंक राहतो. पडद्यावर ‘माहिती अपूर्ण’ असा शेरा येतो आणि सर्व रकाने कोरे होतात. पुन्हा भरताना नवी चूक होण्याची शक्यता असते आणि मागची रांगही खोळंबते.

यामागे तांत्रिक कारण आहे. संकेतस्थळे ज्या एचटीटीपी पद्धतीने चालतात, तीत प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. सर्व्हर आधीची विनंती आपोआप लक्षात ठेवत नाही. तथापि, अर्ज पाठवला जातो तेव्हा भरलेली माहिती सर्व्हरपर्यंत पोहोचलेलीच असते. तिची तपासणी करून, चूक आढळल्यास तीच माहिती रकान्यांत घालून अर्ज परत पाठवणे आणि चुकीच्या रकान्यापाशी खुलासा देणे, एवढेच आज्ञावलीने करायचे असते.

यात काही पथ्ये पाळावी लागतात. परत घालायच्या मजकुरातील विशेष चिन्हे निष्प्रभ करावी लागतात. अन्यथा त्या वाटेने घातक आज्ञावली पानात शिरू शकते. पासवर्डचा रकाना कोराच ठेवावा. जोडलेली कागदपत्रे ब्राउझर सुरक्षिततेसाठी पुन्हा जोडू देत नाही. म्हणून ती सर्व्हरवर तात्पुरती जपावी लागतात. केंद्रावरील संगणक सामायिक असल्याने एकाची माहिती दुसऱ्यास दिसता कामा नये. उद्देशापुरतीच माहिती ठेवावी, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे सूत्र येथेही लागू पडते.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावरही राबवता येते. छत्तीसगढमध्ये २०२०-२१ च्या धान खरेदीसाठी आदल्या वर्षी नोंदणी झालेल्या शेतकऱ्यांना पुन्हा नोंदणी करावी लागली नाही. आधीची नोंद पुढे नेण्यात आली.

अर्थशास्त्रात यास अनुपालन खर्च म्हणतात. तो अर्थसंकल्पात दिसत नाही. नागरिकाच्या बुडालेल्या मजुरीतून तो भरला जातो आणि गरिबावर त्याचा भार अधिक पडतो. आज्ञावली एकदाच सुधारावी लागते, तिचा लाभ मात्र प्रत्येक अर्जदारास मिळतो. म्हणून ई-सेवेचे मूल्यमापन करताना किती अर्ज निकाली निघाले याबरोबरच एक अर्ज किती वेळा भरावा लागला, हेही मोजले पाहिजे.