घरबसल्या काम आणि हक्काचे मोल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पानिपत येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)

पानिपतास मराठी माणसाने बोलावयाचे म्हटले की १७६१ च्या रणसंग्रामाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्या स्मृतीस वंदन करून आज आम्ही एका घरगुती प्रश्नाकडे वळत आहोत. आपल्यापैकी कोणी तेलशुद्धीकरण कारखान्यात, कोणी खत कारखान्यात, तर कोणी बँकेत वा केंद्र सरकारच्या कचेरीत आहे. बदलीचा हुकूम येतो आणि बिऱ्हाड हलते. त्यात एकाची नोकरी टिकते आणि दुसऱ्याची, बहुधा पत्नीची, सुटते. शिक्षिका असो, ग्रंथपाल असो वा हिशेबनीस, तिची प्रमाणपत्रे ट्रंकेच्या तळाशी जातात आणि "सध्या काय करता?" या प्रश्नाला "घरीच असते" एवढेच उत्तर उरते. यास्तव बिऱ्हाडाबरोबर हलू शकेल असे काम कोणते, आणि ते कसे करावे, याचा विचार अगत्याचा आहे.

घरून काम ही कल्पना संगणकाबरोबर आली, असा समज आहे. तो खरा नाही. याच पानिपतात फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासित विणकरांनी हातमाग उभे केले आणि गावाचे नाव सतरंज्या, पडदे व घोंगड्यांसाठी देशभर झाले. माग घरात असे; एकाने विणावे, दुसऱ्याने सूत भरावे, असे सारे कुटुंब राबत असे. परंतु सूत व्यापाऱ्याचे, मागणी व्यापाऱ्याकडे, आणि दरही बहुधा त्यानेच ठरवलेला. आपल्या सोलापुरात घरोघरी विड्या वळणाऱ्या भगिनींची स्थिती अशीच होती. त्या घरी काम करीत; म्हणून त्या कामगार नव्हेत, असा युक्तिवाद होत असे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले, हे त्या काळी मोठेच पाऊल होते.

याउलट दुसरे उदाहरण पाहा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तीच पुढे 'लिज्जत' नावाने प्रसिद्ध झालेली संस्था. मळलेले पीठ घरी न्यावे, पापड लाटून, वाळवून परत द्यावेत आणि मजुरी घ्यावी. शिवाय लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहभागीदार, आणि नफ्यात तिचा वाटा. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावात गिरणी कामगारांसाठी खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले व त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखविली. पोळ्या त्याच, चूलही तीच. परंतु सावकाराचा पाश सैल झाला.

या उदाहरणांचे तात्पर्य आम्हांस एवढेच दिसते. काम घरी होते की कचेरीत, हा प्रश्न गौण आहे. दर कोण ठरवितो आणि हिशेब कोणाच्या हाती आहे, यावर त्या कामाची प्रतिष्ठा अवलंबून असते.

आज ज्यास फ्रीलान्स म्हणतात, तेथेही हाच नियम लागू पडतो. भाषांतर, मुद्रितशोधन, ध्वनिमुद्रणावरून लेखन, चित्रपटांची उपशीर्षके, हिशेब लिहिणे, दूरस्थ शिकवणी, पुस्तकांची मांडणी ही कामे पानिपतात बसून पुण्यामुंबईसाठी करता येतात. परप्रांती आपली मराठी निरुपयोगी ठरते, असे मानू नये. मराठी, हिंदी व इंग्रजी या तिन्ही भाषा लिहिता येणे हे भांडवलच आहे.

आता दराविषयी. समजा, दोनशे पानांच्या पुस्तकाचे मुद्रितशोधन पानास तीस रुपये दराने घेतले. मिळणार सहा हजार. पंचवीस तासांत वाचन होईल, म्हणजे तासाला २४० रुपये, असे वाटते. परंतु दुसरी मुद्रिते तपासण्यास दहा तास आणि पत्रव्यवहारास पाच तास धरले, म्हणजे तास होतात चाळीस आणि मोल उरते १५०. वीज, इंटरनेट आणि आजारपणातील खाडे यांतूनच भागवावयाचे. हा हिशेब करूनच होकार द्यावा. "घरीच तर असता, थोडे कमी घ्या" हे वाक्य ऐकावे लागेल. त्यास नम्र परंतु ठाम नकार देण्यास शिकले पाहिजे.

आमच्या परिचयातील एका भगिनीने निव्वळ तोंडी बोलण्यावर एक मोठे काम पुरे केले आणि पैशांसाठी तिला सात महिने फोन करावे लागले. यास्तव काम, मुदत, दर आणि पैसे देण्याची तारीख ही चार कलमे पत्राने वा ईमेलने आधी निश्चित करावीत. 'उद्यम' ही सरकारी नोंदणी विनामूल्य असून सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीसही ती करता येते. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास त्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते. हे जाणणारा मनुष्य याचना करीत नाही, मागणी करतो.

सरकारी सेवेतील बंधूंसाठी एक सूचना. १९६४ च्या केंद्रीय आचरण नियमांनुसार कुटुंबातील कोणी व्यापार वा व्यवसाय करीत असल्यास ते कचेरीस कळविणे कर्मचाऱ्यावर बंधनकारक आहे. एका अर्जाचे काम आहे. ते टाळू नये. आणि पत्नीच्या नावावर आपण स्वतः व्यवसाय चालविणे तर सर्वथा वर्ज्य.

"घरबसल्या हजारो कमवा" अशा जाहिरातींपासून सावध राहावे. काम देणारा आधी पैसे मागत नाही, एवढे एक सूत्र ध्यानी धरले तरी पुष्कळ फसवणूक टळेल. नोंदणी शुल्क, अनामत, "काम चुकले म्हणून दंड" अशी भाषा ऐकताच दूर व्हावे. पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

शेवटी घरातील मंडळींस एक विनंती. घरून काम म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा नव्हे. ठरलेल्या तासांत त्या खोलीचे दार बंद असेल, तर चहा दुसऱ्या कोणी करावा. लवचीक वेळ म्हणजे साऱ्यांच्या सोयीने वाकणारी वेळ असा अर्थ झाला, तर रात्री बारानंतरचे तासच तिच्या वाट्यास येतील.

पन्नास वर्षांत गणेशोत्सव, नाटके व हळदीकुंकू यांनी मंडळाने आपली भाषा या मुलुखात जतन केली. आता मंडळाने एक साधी वही घालावी. कोणास कोणते काम येते, कोणते काम उपलब्ध आहे, कोणता दर वाजवी आणि कोण पैसे बुडवितो, याची नोंद तीत राहावी. नव्याने बदलून आलेल्या भगिनीस पहिल्याच भेटीत ती वही दाखवावी, म्हणजे तिची प्रमाणपत्रे ट्रंकेतून बाहेर येतील.