शेतातली जुनी नाणी आणि आपली सही
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कांदा आणि वीजबिल सोडून आज हा कसला विषय, असे काहींना वाटले असेल. पण विषय जमिनीचाच आहे. धातू शोधणारे यंत्र आता कुणालाही विकत मिळते. ते घेऊन कुणी बांधावर आला, 'जुनी नाणी शोधतो, दोन दिवस फिरू द्या' म्हणाला, की आपण चहा पाजून 'फिरा की' म्हणतो. त्या दोन शब्दांत आपण काय देऊन बसतो, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी यंत्राचे. त्याच्या टोकाला तारेचे वेटोळे असते, आणि खाली धातू आला की ते वाजते. खजिना त्याला ओळखता येत नाही. बैलाच्या नालेचा खिळा, तारेचा तुकडा, बाटलीचे झाकण, सगळ्याला ते वाजते. सुटे नाणे वीतभर खोल असेल तर कळते. हातभर खाली गेले की बहुतेक यंत्रे मुकी होतात. त्यात आपली काळी माती लोहाचा अंश असलेल्या खडकाची, तीही यंत्राला चकवते. म्हणून 'दहा फुटांवर हंडा दिसतोय' असे सांगणाऱ्याला बांधावरूनच परत पाठवा. सोबत मांत्रिक असेल तर सरळ पोलिसांना कळवा. गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार राज्याच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहेत.

मात्र नाशिकच्या मातीत नाणी आहेत, ही थाप नाही. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. क्षहरात राजा नहपान याची १३,२५० च्या वर नाणी. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासली, तेव्हा त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला दिसला. हरलेल्या राजाचा पैसा वितळवला नाही, त्याच्याच तोंडावर शिक्का मारून बाजारात चालवला. पांडवलेण्यांत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, त्यात मुलाने क्षहरातांचे कूळ संपवल्याचे म्हटले आहे. त्या लेखाला जोगलटेंभीच्या चांदीने साक्ष दिली. एका नाण्यावरून हे कळले नसते. ठशाची किती, बिनठशाची किती, हे एकत्र मोजता आले म्हणून कळले. तीच नाणी पाच-पाच करून सराफाच्या मुशीत गेली असती तर फक्त चांदीचा भाव आला असता.

(त्याच लेण्यांत गौतमीपुत्राच्या काळचा आणखी एक हुकूम कोरलेला आहे. भिक्षूंना दिलेले शेत कसले जात नाही, गाव ओस पडले आहे, तरी त्याऐवजी १०० निवर्तने दुसरी जमीन द्यावी. पडीक जमीन बदलून देण्याची ही तत्परता आमच्या धरणग्रस्तांनी अजून पाहिलेली नाही.)

आता कायदा. इंग्रजांनी १८७८ साली केलेला निखात निधीचा कायदा आजही चालू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची कोणतीही वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी वर्दी द्यायची: काय सापडले, कुठे, कोणत्या तारखेला. माल सरकारी तिजोरीत ठेवायचा किंवा जामीन द्यायचा. कलेक्टर जाहीर नोटीस काढून चार ते सहा महिन्यांतली तारीख देतो. त्या तारखेला जमीनमालक हजर राहिला नाही, हक्क सांगितला नाही, तर त्याचा हक्क बुडतो. तारीख चुकवण्याची आपली सवय इथे महागात पडते.

माल बेवारस ठरला तर वाटणी कशी? मालक आणि सापडणारा यांच्यात करार असेल तर कराराप्रमाणे. करार नसेल तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश! म्हणजे 'फिरा की' म्हटल्याने रुपयातले बारा आणे गेले. आणि वर्दीच दिली नाही तर सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्याला साथ देणाऱ्या मालकालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 'अर्धे तुझे अर्धे माझे, कुणाला बोलू नको' म्हणणारा आपल्याला या खड्ड्यात घालतो. जुन्या नाण्यांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि शंभर वर्षांवरचे नाणे देशाबाहेर नेता येत नाही, हे १९७२ च्या कायद्याने ठरलेले आहे. संरक्षित पुरातन जागेत तर मालकाची परवानगीही पुरत नाही.

आमची खरी तक्रार पुढे आहे. सरकारला तो माल घ्यायचा असेल तर कलम १६ प्रमाणे धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा, एवढेच मिळते. दोन हजार वर्षांच्या नाण्याला चांदीचा भाव! लेव्हीचा काळ ज्यांनी भोगला त्यांना हे गणित शिकवायला नको. मग माणूस वर्दी कशाला देईल?

इंग्लंडात १९९२ साली हॉक्स्ने गावी एका कुळाचा हातोडा शेतात हरवला. त्याने यंत्रवाल्या मित्राला बोलावले, आणि सुमारे १५,००० रोमन नाणी निघाली. मित्राने खणणे थांबवून कळवले. जाणकारांनी तो साठा जागेवरच नीट उकलला आणि बाजारभावाने १७.५ लाख पौंड बक्षीस मिळाले. त्यातला वाटा मित्राने शेतकऱ्याला दिला. (हातोडाही सापडला.) आपल्याला कायदा देणाऱ्यांनी आपल्या घरी भाव बाजाराचा ठेवला. कलम १६ बदलून तज्ज्ञांनी ठरवलेला भाव द्यावा, ही मागणी आम्ही करतो.

तोवर कागद करा. सातबाऱ्यावर जितकी नावे तितक्या सह्या, बहिणींच्यासुद्धा. गट नंबर, तारखा, वाटणीचा हिस्सा, पीक उभे असताना बंदी, खड्डे बुजवण्याची जबाबदारी आणि वर्दी दोघांनी मिळून देण्याची अट लिहा. एकापेक्षा जास्त नाणी लागली की खणणे थांबवायचे, हेही लिहा. नाणी चिंचेने घासू नका, तेलपाणी लावू नका. घासले की अक्षर जाते. ओळख पटवायची तर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, आपल्या घराजवळ.

कागदाचा मसुदा तालुक्याच्या बैठकीत वाचू. ज्यांच्या उताऱ्यावर भावकीची नावे आहेत त्यांनी सातबारा सोबत आणावा.