घरी न्या



एका निवृत्त परिचारिकेला तुम्ही या संमेलनाचं अध्यक्षपद दिलंत, याचा मला आनंद आहे. त्याहून जास्त आनंद ते बदलापूरच्या कात्रपला भरलं याचा आहे. परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयातून निघालेली फाइल शेवटी ज्या गावांत येऊन पोचते, त्यांतलं हे एक गाव. माणूस कितीतरी महिने बदलापूर लोकलने दादरपर्यंत जातो आणि संध्याकाळी अर्धमेला होऊन परत येतो. कर्करोगाच्या रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, हेही अनेकांना चार-पाच फेऱ्या झाल्यावर कुणीतरी सांगतं. मग एक दिवस डॉक्टर नातेवाइकाला बाजूला घेतात आणि म्हणतात, “आता घरी न्या.”

नोकरीत ‘घरी न्या’ हे दोन शब्द मी कितीदा ऐकले, कितीदा स्वतः समजावून सांगितले. त्यांचं वजन कळलं ते निवृत्तीनंतर, थोरल्या बहिणीच्या आजारात. ताई इथेच, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. ज्या रुग्णालयाने तिला घरी पाठवलं, त्यांच्या कागदावर दुखण्यासाठी एक साधी गोळी होती, दिवसातून दोनदा. रात्री दोनला ती कण्हायला लागली की मी, अख्खा वॉर्ड सांभाळलेली बाई, तिचे पाय चेपत बसायचे. मॉर्फिन लागेल हे कळत होतं. ते कोण लिहून देईल, कुठल्या दुकानात मिळेल, हे मला सांगता येत नव्हतं. सून दिवसभर स्वयंपाक, मुलाची शाळा, ताईचं अंगपुसणं करायची आणि रात्री दर दोन तासांनी उठून कूस बदलायची. मी आठवड्यातून तीन रात्री जायचे. अकरा आठवडे सुनेने हे केलं आणि बाराव्या आठवड्यात तीच चक्कर येऊन पडली. चार दिवसांनी ताई गेली. त्या घरात माया कमी नव्हती. पहारा बदलायला माणूस नव्हतं.

पहारा हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे होऊन वीणा आपल्या गळ्यात घेतो. कोण कधी उभं राहणार, हे आधी ठरलेलं असतं. मरणाच्या वाटेवरच्या माणसाची सेवा हे असंच सप्ताहाचं काम आहे, आणि आपण ते एकट्या सुनेच्या, एकट्या बायकोच्या गळ्यात घालून मोकळे होतो.

पहाऱ्याने काय होतं, ते आमच्या पेशाने मुंबईत दाखवून दिलं आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर हल्ला झाला, ती कायमची अंथरुणाला खिळली आणि १८ मे २०१५ रोजी तिचं निधन झालं. मधली साडेएकेचाळीस वर्षं तिथल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. तिची पाठ जखमांपासून जपली. सर्वोच्च न्यायालयानेही तिच्याविषयीच्या २०११च्या निकालात त्या शुश्रूषेचा गौरव केला. लोक त्याला चमत्कार म्हणतात. मला त्यात ड्युटीचा तक्ता दिसतो. एक पिढी निवृत्त झाली, दुसरीने हात पुढे केला.

या कामाला शास्त्राची बैठक दिली तीही मुळात एका परिचारिकेनेच. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, मग त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडहून आलेला एक निर्वासित त्यांना तेव्हा भेटला, तो कर्करोगाने मरत होता. १९४८ साली जाताना त्याने त्यांच्या हाती पाचशे पौंड ठेवले. तुम्ही जे घर बांधाल, त्यातली एक खिडकी माझी, असं त्याचं सांगणं. त्या खिडकीभोवती घर उभं राहायला एकोणीस वर्षं लागली. मधल्या काळात सॉन्डर्सबाई शिकून डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांसाठीचं घर, सुरू झालं. दुखणं फक्त हाडामांसाचं नसतं. भीती, कर्ज, मुलीचं राहिलेलं लग्न, देवाशी धरलेला अबोला, हे सगळं एकाच वेदनेत मिसळलेलं असतं, हे त्यांनी वैद्यकाला पटवून दिलं.

आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत सुरू झालं, याचा मला अभिमान आहे. टाटा रुग्णालयातले शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर शांती अवेदना सदन सुरू केलं. पुढच्याच वर्षी गोव्यात लोटलीला शाखा निघाली, नंतर दिल्लीला. होली क्रॉसच्या सिस्टर्स तिथे सेवा करतात, आणि रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. ‘अवेदना’ हा शब्द मला फार आवडतो. तिथे बरं करण्याचं वचन नाही, पण दुखू न देण्याचं आहे. पुण्यात वारज्याला १९९७ साली सिप्ला या औषध कंपनीचं असंच केंद्र उभं राहिलं, तेही विनामूल्य. तिथे रुग्णाबरोबर घरचं एक माणूस राहतं आणि घरी गेल्यावर काय करायचं ते शिकून जातं. त्या केंद्राचं हे शिकवणं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

आता मॉर्फिनबद्दल, कारण ताईच्या त्या रात्री माझ्या मनातून जात नाहीत. १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. व्यसनाला आळा घालण्याचा हेतू चांगलाच होता. पण प्रत्येक राज्याचे वेगळे नियम, अनेक परवाने, आणि चूक झाली तर तुरुंगाची भीती, यामुळे दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणं सोडलं आणि डॉक्टरांनी लिहिणं सोडलं. पिढ्याच्या पिढ्या हे औषध न हाताळता डॉक्टर झाल्या. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, औषधासाठी परदेशी जाते, आणि आपल्याच देशात माणसं विव्हळत मरतात, याचं मला आजही दुःख होतं. तीन दशकं होत आली तेव्हा, २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिनसारखी औषधं अत्यावश्यक ठरली आणि मान्यता मिळालेल्या संस्थेला ती ठेवण्याची वाट मोकळी झाली.

घरच्यांना मी एवढंच सांगते. या गोळीने माणूस लवकर जातो, ही समजूत सोडा. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली तर व्यसन लागण्याची भीतीही फार थोडी. मॉर्फिनची साधी गोळी घड्याळ लावून, बहुधा चार-चार तासांनी द्यायची असते. दुखायला लागण्याची वाट बघायची नसते. आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच.

हे सगळं लोकांच्या हाती दिलं ते केरळने. १९९३ मध्ये कालिकतच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी एक छोटी ओपीडी सुरू केली. लवकरच त्यांच्या लक्षात आलं की ज्याला सर्वांत जास्त गरज आहे, तोच ओपीडीपर्यंत येऊ शकत नाही. म्हणून ते घरी जाऊ लागले. घरं वाढली, डॉक्टर पुरेनात, तेव्हा शेजाऱ्यांना शिकवायचं ठरलं. मलप्पुरम जिल्ह्यात शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, कॉलेजची मुलं वर्ग करून स्वयंसेवक झाली. पैसाही बराचसा गल्लीतूनच आला, महिन्याला थोडा थोडा. कुणाच्या घरात तांदूळ संपलेत, कुणाच्या मुलाची फी राहिली आहे, हे परिचारिकेच्या आधी शेजाऱ्याला कळायचं आणि त्याची सोयही व्हायची. २००८ साली राज्य सरकारने आपलं धोरण आखलं आणि पंचायतींनी परिचारिका नेमल्या. आधी लोक उभे राहिले, मग सरकार आलं. हा क्रम कात्रपने नीट लक्षात घ्यावा.

कारण इथे भेटेल तो मला विचारतो, “बाई, आपल्याकडे हॉस्पिसची इमारत कधी होणार?” इमारत हवीच. ज्याला घरच नाही, ज्याच्या एका खोलीत सहाजण झोपतात, त्याला खाट कुठे द्यायची, हा प्रश्न खरा आहे. पण जागा, बांधकाम, परवानगी यांत दहा वर्षं सहज जातात, आणि चौथ्या मजल्यावरच्या आजोबांकडे दहा आठवडे आहेत. त्यांना खाली आणायला खुर्ची धरणारे चार हात हवेत. सुनेला दुपारी दोन तास झोप हवी. आठवड्यातून एकदा परिचारिका हवी आणि फोन उचलणारा डॉक्टर हवा. हे या महिन्यात होऊ शकतं.

आपल्याला हे परकं नाही. गाडगे महाराजांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत गावोगावचे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. कुणी तिथे जेवण देतं, कुणी नुसतं येऊन बसतं. गणपतीच्या मंडपात रात्री जागायला आपल्या पोरांचे पहारे लागतात. त्याच पोरांपैकी तिघांनी गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या इमारतीतल्या एका काकांजवळ आळीपाळीने सोळा रात्री काढल्या. मॉर्फिनची सोय त्या घराला वेळेवर झाली होती. काका शेवटच्या आठवड्यात क्रिकेटबद्दल बोलत होते.

दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. त्यात नाव, इमारत आणि आठवड्यातला मोकळा वेळ लिहा. एक तास असेल तर एक तास लिहा. मंगळवारची रात्र मी माझ्या नावावर लिहिली आहे. चहानंतर शेजारच्या खोलीत या, तिथे एक खाट मांडली आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस त्याला न दुखवता आणि आपली कंबर न मोडता कशी बदलायची, ते मी करून दाखवणार आहे. दोघा-दोघांच्या जोड्या करा, आणि प्रत्येक जोडीने येताना एक चादर घ्या.