पद आणि विश्वस्तपण : कै. चिंतामणराव देशमुख

(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



मंदिराचा जीर्णोद्धार लोकांच्या पैशातून होतो. त्या पैशाचा राखणदार कसा असावा, हे पाहायचे तर महाडजवळच्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांचे चरित्र पाहावे.

१९१२ साली मॅट्रिकला पहिले येऊन त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. पुढे केंब्रिजला शिकून १९१८ साली ते आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री.

तेव्हा शेतकऱ्याला कर्ज मिळे ते मुख्यतः सावकाराकडून. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याची जबाबदारी तिच्यावर आली. तिजोरीची वाट खेड्याकडे वळविणारे हे काम देशमुखांच्याच कारकिर्दीतले.

१९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे ठरले. देशमुखांना ते पटले नाही. त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि मुंबईतील गोळीबाराच्या चौकशीची मागणी लोकसभेत उघडपणे मांडली. पद लोकांसाठी असते. लोकांना सोडून पद राखायचे नसते, हे त्यांनी कृतीने दाखविले.

पद गेले, पण सेवा थांबली नाही. विद्यापीठ अनुदान मंडळ, दिल्ली विद्यापीठ, इंडिया इंटरनॅशनल सेंटर अशा संस्थांची धुरा त्यांनी वाहिली. पत्नी दुर्गाबाई या आंध्र महिला सभेच्या संस्थापिका. त्यांचेही आयुष्य निराधार स्त्रियांच्या शिक्षणात गेले. १९५९ साली देशमुखांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत ते निवर्तले.

मंडळी, देशाची तिजोरी असो वा देवळाची दानपेटी, धर्म एकच. पाच रुपये देणाऱ्या मजुरीच्या बाईला आणि पाच हजार देणाऱ्या मुंबईकराला हिशेबाची वही सारखीच उघडी असावी. मतभेद झाला तर पद सोडावे, पण काम सोडू नये. कळस चढला म्हणून विश्वस्तांचे काम संपत नाही, तेथून ते सुरू होते.

ही बुद्धी सर्वांना लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.