माहेर जवळ नसताना



गावी घरात मारझोड झाली, तर बाई निदान रात्रीची एसटी धरून माहेर गाठते. इथे माहेर सातासमुद्रापार. बँकेचं खातं, गाडी, व्हिसा, सगळं नवऱ्याच्या हातात. ‘आज रात्री जाऊ कुठे?’ या प्रश्नापाशीच कितीतरी जणी थांबतात.

न्यू जर्सीत भारतीय बायकांनी १९८५ साली ‘मानवी’ सुरू केली. १९९७ मध्ये ‘आशियाना’ हे निवारागृह काढलं. शिकागोत ‘अपना घर’ आहे. अशा घरांचा पत्ता गुप्त ठेवतात. तो कुणी विचारू नये.

व्हिसाची धमकी मिळत असेल तर ऐका: १९९४ च्या कायद्यानुसार अमेरिकन नागरिकाची किंवा ग्रीनकार्डधारकाची पीडित पत्नी, त्याला न कळवता, स्वतः अर्ज करू शकते.

आपला सेवानिधी मोटेलच्या पहिल्या रात्री, घराचं डिपॉझिट आणि किराणा यांसाठी आहे. यथाशक्ती हातभार लावा.

आणि सून असो वा मुलाकडे राहणाऱ्या आजी, कुणी मन मोकळं केलं तर ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणू नका. राष्ट्रीय मदतवाहिनीचा नंबर द्या: १-८००-७९९-७२३३. चोवीस तास चालू, दुभाष्याचीही सोय आहे.