बटण बंद, तरी दिवा मिणमिणतो
(तालुका बैठकीतील भाषण)



नांदेड-लातूरकडच्या गावांत आपण म्हणतो, बटण बंद केले तरी एलईडी दिवा रात्रभर मिणमिणतो. दिव्याला शिव्या देऊ नका. बटणातला लाल इंडिकेटरही असे करतो. पण पुष्कळदा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते. जुना पिवळा बल्ब एवढ्याशा करंटवर पेटत नव्हता, म्हणून चूक झाकून राहिली. अशा घरात बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो. ओल्या हाताने बल्ब बदलताना जीव जाऊ शकतो. बटण बंद ठेवून वायरमनकडून होल्डर तपासा. टेस्टर ठळक पेटला, तर मेन बंद करून फेज बटणातून घ्यायला लावा.

दुसरे, दिवे लवकर का जातात? एकाच जागचा जात असेल तर होल्डर ढिला असतो, नाहीतर बंद काचेत उष्णता कोंडून आतला कंडेन्सर सुकतो. पण गल्लीत काही घरी उजेड भगभगीत, काही घरी मंद झाला, तर डीपीचा न्यूट्रल तुटला समजा. २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या जवळपास येऊ शकतात. लगेच मेन बंद करा. डीपीला हात लावू नका. तक्रार सगळ्यांच्या सह्यांनी द्या, पोच घ्या. बिल आपण भरतो. धड न्यूट्रल आणि अर्थिंग मागणे ही भीक नव्हे, हक्क आहे.